छोटी लाइन, एकटी बस : जुन्या रेलबस आणि त्यांची मॉडेल्स

सावर्डेकर
माझं मत आधी मांडतो, मग प्रश्न विचारतो. घरात रेल्वेचं मॉडेल करायचं असेल तर लांबलचक एक्सप्रेसचा हट्ट सोडावा आणि रेलबस करावी. अठरा डब्यांची गाडी कुठल्याच घरात मावत नाही, मग तीन डबे लावून तिलाच एक्सप्रेस म्हणावं लागतं. रेलबस जशी होती तशी, पूर्णच्या पूर्ण, फळीवर उभी राहते. एक डबा हीच तिची सगळी गाडी.

ज्यांनी कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी : बसची बॉडी, पुढे बॉनेट, बॉनेटखाली लॉरीचं पेट्रोल इंजिन आणि खाली रबरी टायरऐवजी लोखंडी चाकं. पहिल्या महायुद्धानंतर सैन्याच्या जादा लॉऱ्या स्वस्तात विकायला निघाल्या, त्या चालवायला शिकलेले जवान घरी परतले, आणि इंग्लंडातल्या खेड्यापाड्यांत बस धावू लागली. १८९६च्या लाइट रेल्वे कायद्याखाली बांधलेल्या छोट्या लाइनींचे प्रवासी तिकडे वळले. उरलेल्या चार-पाच जणांसाठी वाफेचं इंजिन चालवायचं म्हणजे पहाटे उठून काही तास बॉयलर तापवायचा, आणि ड्रायव्हर, फायरमन, गार्ड तिघांचा पगार द्यायचा. कर्नल होल्मन स्टीफन्स (१८६८–१९३१) हा माणूस टनब्रिजच्या एका छोट्या ऑफिसातून अशा बऱ्याच गरीब लाइनी सांभाळायचा. त्याने १९२३ पासून फोर्ड मॉडेल टीच्या रेलबस आणल्या. शत्रूचंच हत्यार उचललं आणि रुळावर ठेवलं. मला या माणसाबद्दल फार आदर आहे. पैसा नाही म्हणून लाइन बंद करणं सोपं होतं, त्याने ती चालवत ठेवली.

आता माझा बेत. मला काल्पनिक लाइन करायची आहे : साल १९३५, गोव्यातल्या सावर्डे स्टेशनवरून निघून सांगे आणि पुढे नेत्रावळीपर्यंत. जागा चार फूट बाय एक फूट. गेज (दोन रुळांमधलं अंतर) कुठलं घ्यावं, स्केल (खऱ्याच्या किती पट लहान) कुठलं, आणि एवढ्याशा बसमध्ये मोटर कशी बसवायची?

कुळ्याचा पाऊस
सांगेला रेल्वे! ऐकूनच बरं वाटलं. वाचतोय.

मांडवीपार
सावर्डेकर, कल्पना आवडली, पण मला एक गोष्ट खटकते. काल्पनिक लाइन कितीही काल्पनिक असली तरी तिला कारण लागतं. गोव्यात लाइट रेल्वे झाली नाही याचं कारण गरिबी नव्हे, पाणी आहे. इतर ठिकाणी जे काम छोट्या रेल्वेने केलं ते इथे मांडवी आणि झुआरीने केलं. नारळ होडीतून गेले, माणसं होडीतून गेली, नंतर खनिज बार्जमधून गेलं. पेट्रोल इंजिनसुद्धा आपल्याकडे आधी पाण्यावरच मिरवलं. जुनी माणसं मोटरलाँचला गॅसोलीनच म्हणायची. मग तुमच्या लाइनीने काय वाहायचं?

नुसतं खेडं, माड आणि छानशी बस एवढ्यावर मॉडेल उभं राहत नाही. माल कुठून येतो आणि कुठे जातो हे ठरलं की स्टेशनचा आकार आपोआप ठरतो.

सावर्डेकर
मांडवीपार, आक्षेप मान्य, आणि तो आला म्हणून बरं झालं. म्हणूनच मी सांग्यावर न थांबता नेत्रावळी म्हटलं. मोठी बार्ज सावर्डे-कुडचड्यापर्यंत येते. तिथून वर पात्र अरुंद होत जातं, आणि नेत्रावळीकडे तर डोंगर आणि रान. तिकडून बांबू, जळाऊ लाकूड, सुपारी, काजू, मिरी खाली येणार. वर जाणार मीठ, सुकी मासळी, तांदूळ, रॉकेल आणि टपाल. प्रवासी थोडे, माल बेताचा, चढ सौम्य ठेवता येतो. रेलबसला लागते तशीच ही लाइन.

बार्शीवाला (सध्या फोंडा)
आता मला बोलावंच लागेल, कारण लाइट रेल्वे म्हटलं की आमच्या घरात दुसरं नाव नसतं.

बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली, बार्शी रोड म्हणजे कुर्डुवाडी ते बार्शी गाव. गेज ७६२ मिलिमीटर, अडीच फूट. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने एक गोष्ट धरून ठेवली : कुठल्याही अ‍ॅक्सलवर पाच टनांहून जास्त भार नको. इंजिन असो, डबा असो, वाघीण असो, सगळ्यांना तोच नियम. भार सारखा वाटला की हलका रूळ पुरतो, हलका रूळ पुरला की लाइन स्वस्त होते, आणि तरीही वाघिणी चांगल्या मोठ्या करता येतात. पुढे १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. नॅरोगेजवर एवढं मोठं जाळं आणि तेही नीट चाललेलं, याचा मला अजून अभिमान वाटतो.

सावर्डेकर, तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध असा. आषाढीला पंढरपूरला जी गर्दी व्हायची ती डोळ्यांसमोर आणा. वडील सांगायचे की वारकऱ्यांसाठी मालाच्या वाघिणीसुद्धा जोडायचे. अशा दिवशी वीस-पंचवीस माणसांची रेलबस काय करणार? तुमच्या नेत्रावळीलाही जत्रा असेल, शिगमो असेल, चतुर्थी असेल. म्हणून शेडमध्ये एक छोटं वाफेचं इंजिन आणि दोन जुने डबे ठेवाच. रोजची बस आणि सणाची आगगाडी. इंग्लंडातल्या लाइनींनीही वाफेची इंजिनं काढून टाकली नव्हती, कारण मालगाडी रेलबसला ओढवत नव्हती.

आणि गेज ७६२ घ्या, हे वेगळं सांगायला नकोच.

खारीवाडा
७६२ का पण? गोव्याची रेल्वे मीटर गेज होती. १८७८चा इंग्रज-पोर्तुगीज करार झाला, मुरगाव ते सावर्डे १८८७ला सुरू झाली आणि १८८८ला कॅसलरॉकपर्यंत लाइन जोडली गेली. सावर्ड्याहून फाटा काढायचा तर मीटर गेजच निघणार. माल उतरवून दुसऱ्या वाघिणीत भरायचा खर्च कोण देणार? आधीच ती कंपनी तोट्यात होती आणि पोर्तुगीज सरकार व्याजाची हमी भरत होतं.

मी तर म्हणतो फाटा कशाला, मुरगाव ते कुळे रेलबस चालवा. कुळ्यापर्यंत सपाट आहे. त्यापुढे घाटात ३७ला १ चढ आहे, तिथे तिला नेऊच नका.

सावर्डेकर
मुरगाव–कुळे ही बंदराची मुख्य लाइन. सिग्नल, मोठी स्टेशनं, घाटात मागून ढकलणारी बँकर इंजिनं, खनिजाच्या गाड्या. रेलबस तिथे धावू शकते, पण लाइट रेल्वेचं वातावरण तिथे नाही. गवतात अर्धे बुडालेले रूळ, फाटक नसलेलं क्रॉसिंग, पत्र्याचं एवढंसं स्टेशन आणि हात दाखवला की थांबणारी गाडी, मला ते हवंय.

गेजबद्दल खारीवाडा यांचा मुद्दा वजनदार आहे. विचार करतोय.

फातोर्ड्याचो
मडगावात आम्ही बस हवेत टांगून पाहिली, आता रुळावर ठेवताय. पुढच्या पिढीला रस्त्यावर मिळो म्हणजे झालं.

मांडवीपार
फातोर्ड्याचो, हसलो, पण स्कायबसच्या, म्हणजे त्या टांगत्या बसच्या, चाचणीत २००४ साली एक माणूस गेला, त्यामुळे तो विषय इथे नको.

फातोर्ड्याचो
बरोबर. थांबतो.

तळगुप्पा पॅसेंजर
अवांतर आहे, पण रेलबसवरून आठवलं म्हणून लिहिते. आपल्या शेजारीच खरी रेलबस होती! शिमोगा–तळगुप्पा मीटर गेज लाइनीवर. पुढे ती लाइन ब्रॉडगेज झाली. जोगला जाताना आम्ही सागरला गाडी सोडून मुद्दाम तिच्यात बसलो होतो. एकच डबा, आत बससारख्या सीटा, ड्रायव्हर समोर दिसतो, त्याच्या खांद्यावरून रूळ दिसतात. साध्या आगगाडीत प्रवाशाला पुढचा रूळ कधीच दिसत नाही. वळण येताना आधी झाडी फाकते, मग रूळ वळतो, मग आपण वळतो. गावातली माणसं ड्रायव्हरशी नावाने बोलत होती. मथुरा–वृंदावन मीटर गेजवरही अशीच एक होती.

सावर्डेकर, मॉडेलच्या बसला आत ड्रायव्हर आणि माणसं बसवा आणि खिडक्या मोठ्या ठेवा. रिकामी रेलबस बघवत नाही.

सावर्डेकर
ताई, देव बरें करूं. ड्रायव्हरच्या खांद्यावरून रूळ, हे लक्षात ठेवतो. बॉडी करायच्या आधी आतली माणसं करायला घेतो.

सिमला मेल
तळगुप्पा ताईंना अनुमोदन. कालका–सिमला लाइनीवरची रेल मोटर कार अजून बघायला मिळते. ड्र्यूरी कंपनीची, १९२७च्या आसपासची बनावट, गेज ७६२च. बॉनेटवाली, जुन्या मोटारीसारखं तोंड. लाइन स्वतः १९०३ची. भारतातल्या रेलबसचं मॉडेल करायचं तर पुरावा म्हणून तिचे फोटो आणि मापं हाताशी ठेवा, कारण तिला आजही जवळ जाऊन बघता येतं. इंग्लंडातल्या फोर्डच्या रेलबस केव्हाच भंगारात गेल्या.

खारीवाडा
सावर्डेकर, गेजवर आपलं पटो न पटो, बस कुठली करायची यावर माझं ठाम मत आहे. एकटी बस करू नका. स्टीफन्सने केली तशी जोडी करा, पाठीला पाठ लावून.

त्याने तसं का केलं ते आधी. लॉरी एकाच दिशेला नीट चालते. रिव्हर्स गिअरमध्ये कोसभर जाणं म्हणजे इंजिनाचे आणि प्रवाशांचे हाल. टोकाच्या स्टेशनवर बस फिरवायला टर्नटेबल हवं, त्याला खड्डा, लोखंड, पैसा. दोन बस पाठीला पाठ लावून जोडल्या की हा खर्चच गेला. जाताना पुढची बस ओढते, मागची न्यूट्रलमध्ये टाकून नुसती मागून येते. परतताना ड्रायव्हर उतरून दुसऱ्या बसमध्ये जाऊन बसतो. श्रॉपशायर अँड माँटगोमेरीशायर लाइनीवर तर मधे आणखी एक बिनइंजिनचा डबा घालून तीन केले होते. प्रवास आरामाचा नव्हता. चार चाकांची हलकी गाडी रुळाच्या प्रत्येक सांध्यावर ठोकर द्यायची आणि इंजिनाच्या आवाजात शेजाऱ्याशी बोलता यायचं नाही. पण गाडी वेळेवर जात होती आणि एक माणूस ती चालवत होता.

आता मॉडेलमध्ये याचा फायदा बघा. चार चाकांच्या छोट्या मॉडेलचं मोठं दुखणं म्हणजे वीज. चारपैकी एक चाक उचललं गेलं, एकावर धूळ बसली, की गाडी सांध्यावर अडून बसते आणि मग बोटाने ढकलावी लागते. जोडी केली की आठ चाकं. दोन्ही बसच्या डाव्या चाकांना एक बारीक वायर, उजव्या चाकांना एक, आणि दोन्ही वायरी जोडाच्या खालून. मोटर एकाच बसमध्ये ठेवा, दुसरी मोकळी धावू दे. खऱ्या गाडीत मागची न्यूट्रलमध्ये असायची, मॉडेलमध्येही तेच झालं! असं क्वचित जमतं, की खऱ्याशी इमान राखलं आणि मॉडेलची अडचणही सुटली.

कुळ्याचा पाऊस
हे फारच आवडलं. मी तर एकटी बस करायला निघालो होतो.

रेझिनवाला, म्हापसा
आता स्केलचा हिशोब.

अडीच फूट गेज १:८७मध्ये पावणेनऊ मिलिमीटर येतं, म्हणजे ९ मिलिमीटरचा एन गेजचा रूळ चालतो. याला एचओई म्हणतात. ब्रिटिश लोक १:७६ मापाची गाडी त्याच ९ मिलिमीटरवर चालवतात, त्यांचं नाव ओओ-९. मीटर गेज हवं असेल तर १:८७मध्ये साडेअकरा मिलिमीटर येतं, त्यासाठी १२ मिलिमीटरचा एचओएम रूळ मिळतो. आणि अडीच फूट १:४८मध्ये जवळजवळ १६ मिलिमीटर येतं, म्हणजे नेहमीचा १६.५चा रूळ चालतो. हे ओएन-३०.

माझं मत ओएन-३०. फोर्डची एक बस या स्केलमध्ये साधारण दहा-साडेदहा सेंटिमीटर होते, जोडी वीतभर. आत माणसं दिसतात, बॉनेटच्या जाळ्या करता येतात, हात मोठे असले तरी काम होतं. शिवाय दुकानात मिळणाऱ्या डायकास्ट मोटारी १:४३ असतात. रेडिएटर, दिवे, स्टिअरिंग असे सुटे भाग त्यांच्यातून काढून वापरले तर मापाचा फरक डोळ्याला जाणवत नाही.

मोटर : जपानी तेनशोदोचा स्पड मिळाला तर सोन्याहून पिवळं, मोटर, गिअर, चाकं सगळं एकाच ठोकळ्यात. नाहीतर रोबोटिक्सच्या दुकानात मिळणारी एन-२० गिअर मोटर घ्या. ती जेमतेम १२ मिलिमीटर रुंद असते, आडवी बसत नाही, पण लांबीच्या दिशेने बॉनेटमध्ये जाते. तिथून एकास एक बेव्हल गिअरने अ‍ॅक्सलला जोडा. मिनिटाला २०० फेरे घ्या. १२ मिलिमीटरच्या चाकाचा परीघ ३७.७ मिलिमीटर, म्हणजे सेकंदाला साडेबारा सेंटिमीटर, आणि ४८ने गुणलं की ताशी साधारण २२ किलोमीटर. लाइट रेल्वेला शोभणारा वेग. हजार फेऱ्यांची मोटर घातलीत तर तुमची बस ताशी शंभरच्या वर जाईल आणि सगळी मजा जाईल.

एक अ‍ॅक्सल पक्का, दुसरा मधोमध टेकवून थोडा डुलता ठेवा. चारी चाकं रुळाला चिकटून राहतात. वजनासाठी शिसं घालायचं ते मोटर जोडलेल्या अ‍ॅक्सलच्या वर.

बार्शीवाला (सध्या फोंडा)
पाहा, हिशोबही ७६२च्या बाजूने निघाला.

खारीवाडा
हिशोब रुळाच्या सोयीचा आहे, इतिहासाचा नाही. :)

सिमला मेल
बॅटरीचा विचार कुणीच मांडला नाही. रुळातून वीज घेऊच नका. छोटी लिथियम बॅटरी आणि रेडिओ रिसीव्हर मागच्या मोकळ्या बसमध्ये ठेवा. मग रूळ पुसणं नको, सांध्याचं वायरिंग नको. एका सेलचे ३.७ व्होल्ट मिळतात, म्हणून ६ व्होल्टवर ३०० फेरे देणारी मोटर घ्या. ती ३.७ला साधारण १८५ फेरे देते. रेझिनवाल्यांच्या हिशोबाने ताशी २० किलोमीटर.

रेझिनवाला, म्हापसा
मान्य. आपल्या पावसाळ्याचा विचार करता बॅटरीच बरी. रुळातून वीज घेणारच असाल तर निकेल सिल्व्हरचा रूळ घ्या. खेळण्याच्या सेटातला पोलादी रूळ मृगात गंजायला लागतो.

कुंकळ्ळीची सुमन
पावसाळ्याचा विषय निघाला म्हणून लिहिते. मी रेल्वे करत नाही, आमच्या घरी चतुर्थीचे हलते देखावे करतात, त्यात माझी सगळी हौस भागते. पण सामान तेच असतं.

फळी एमडीएफची घेऊ नका, पाणी पिऊन फुगते. मरीन प्लाय घ्या आणि कडासुद्धा रंगवा. बसची बॉडी घरगुती थ्रीडी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकमध्ये काढली तर उन्हात उभ्या गाडीत विसरू नका, वाकते. आर्किटेक्ट लोक वापरतात ती एबीएस शीट कापून केलेली बॉडी जास्त टिकते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं : आपली तांबडी माती. सगळ्यांना वाटतं की दारातली माती गाळून रुळाशेजारी पसरली की खरा गोवा झाला. दिसतं सुंदर, त्यात वाद नाही. पण आपल्या मातीत लोह आहे आणि त्यातले काही कण चुंबकाला धरतात. मोटरमध्ये चुंबक असतो. बस त्यावरून फिरली की बारीक कण आत ओढले जातात, मग गिअर कुरकुरतो आणि मोटर बसते. माती आधी भट्टीत किंवा तव्यावर कोरडी करा म्हणजे बुरशी येत नाही, बारीक गाळा, कागदावर पातळ पसरा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला जाड चुंबक तिच्यावरून पुन्हा पुन्हा फिरवा. पिशवीला काही चिकटायचं थांबेपर्यंत. मग पातळ फेविकॉलने पक्की बसवा. चिऱ्याच्या भिंतीसाठी माती वापरूच नका, रंग वापरा.

सावर्डेकर
सुमनताई, हे कुठल्याच परदेशी पुस्तकात मिळालं नसतं. मी खरंच अंगणातली माती गाळून डबा भरून ठेवला होता. आज रात्रीच चुंबक फिरवतो.

दूधसागर ५२
उशिरा आलो. सगळे इंग्लंडात रमलेत, जरा अमेरिकेत आणि आयर्लंडात या.

कोलोरॅडोच्या डोंगरातली रिओ ग्रँड सदर्न, तीन फूट गेज. मंदीत कंपनी बुडायला आली. टपालाचं कंत्राट होतं, ते गेलं तर लाइन गेली, आणि टपालाच्या चार पिशव्यांसाठी वाफेची गाडी परवडत नव्हती. १९३१ साली रिजवेच्या कारखान्यात त्यांनी जुन्या ब्यूइक मोटारीपासून एक रेलबस बनवली. पुढच्या बऱ्याच पिअर्स-अ‍ॅरो गाड्यांपासून बनवल्या. पुढे मोटारीची केबिन, मागे मालाचा डबा. लोक त्यांना गॅलपिंग गूस, म्हणजे दौडणारा हंस, म्हणत. या हंसांनी ती लाइन जवळपास वीस वर्षं जगवली.

आयर्लंडातली काउंटी डॉनेगल, तीही तीन फुटांची. तिथे हेन्री फोर्ब्स नावाच्या मॅनेजरने रेलकारवर सगळा भर दिला आणि १९३१ मध्ये डिझेलही आणलं. गाडी स्टेशनवर थांबायचीच, पण मधे क्रॉसिंगवरही माणसं घ्यायची. मागे हलक्या वाघिणीही ओढायची. लाइन १९५९च्या अखेरीपर्यंत चालली, आणि शेवटच्या दोन रेलकार आइल ऑफ मॅनच्या रेल्वेने विकत घेतल्या.

सावर्डेकर, फोर्डची जोडी सुंदर आहे, पण तिच्यात माल जात नाही. तुमच्या नेत्रावळीला सुपारीची पोती आणि मिठाच्या गोणी आहेत. तुम्हाला खरं तर हंस हवा.

मांडवीपार
मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय. रेलबसने लाइनी वाचवल्या असं सगळे लिहितायत. स्टीफन्सचीच सेल्सीची लाइन दोन रेलबस जोड्या असूनही १९३५च्या जानेवारीत बंद पडली. त्याच्याच केंट अँड ईस्ट ससेक्स लाइनीवर रेलबसनंतर पुन्हा वाफेची इंजिनंच ओढत राहिली, आणि १९५४ला प्रवासी सेवा संपली. १९७४ पासून तिथे हौशी लोक गाडी चालवतात, ते वेगळं. स्टेशन गावापासून मैलभर असेल आणि रस्त्यावरची बस दारात थांबत असेल, तर रुळावरची बस कितीही स्वस्त असो, हरते.

दूधसागर ५२
वीस वर्षं काही थोडी नाहीत, मांडवीपार. त्या वीस वर्षांत किती मुलं त्या गाडीने शाळेत गेली असतील!

तळगुप्पा पॅसेंजर
दोघांचंही पटतंय. गावाला शेवटी रस्ताच मिळतो, पण तो मिळेपर्यंतचा काळ कुणीतरी चालवावा लागतो.

फातोर्ड्याचो
सावर्डेकर, एक भाबडा प्रश्न. तुमच्या बसला रंग कुठला? कदंबचा, म्हणजे आपल्या सरकारी बसचा, देऊ नका, कदंब १९८० साली आलं.

सावर्डेकर
फातोर्ड्याचो, रंग ठरला नव्हता, पण आता सगळं वाचून पुष्कळ काही ठरलं.

गेज ७६२, स्केल १:४८, म्हणजे ओएन-३०. खारीवाडा, तुमचा माल बदलण्याच्या खर्चाचा मुद्दा मी खोडत नाही, उलट मॉडेलमध्येच घेतो. फळीच्या डाव्या टोकाला सावर्ड्याचा मीटर गेजचा एक रूळ आणि त्यावर उभी एक वाघीण ठेवतो. ती चालणार नाही. तिच्या बाजूला फलाट आणि पलीकडे नॅरोगेजची वाघीण. दोन हमाल मिठाच्या गोणी इकडून तिकडे नेताना. कुर्डुवाडीत हेच चालायचं ना, बार्शीवाले?

मांडवीपार, दारात थांबणाऱ्या बसचा मुद्दा माझ्या डोक्यात राहिला. मधल्या मुक्कामाची फळी करण्याऐवजी उजवं टोक मी नेत्रावळीचं करतो आणि स्टेशन अगदी बाजाराला लागून ठेवतो. सांगे कुठेच दिसणार नाही, मधल्या पडद्यामागे सरकत्या फळीवर गाडी थांबेल, तोच तिचा सांग्याचा थांबा.

बस फोर्डची जोडी, बॅटरीवर, मोटर एकीत आणि बॅटरी दुसरीत. दूधसागर, मालासाठी दोन बसच्या मधे एक छोटी चारचाकी वाघीण जोडतो. श्रॉपशायरला मधे डबा घालत होते, मी वाघीण घालतो, त्यात सुपारी आणि टपाल. चतुर्थीच्या गर्दीसाठी वाफेचं इंजिन नंतर.

कुळ्याचा पाऊस
मधे वाघीण घातली की पाठीमागच्या बसची बॅटरीची वायर वाघिणीखालून जाणार. जोड सैल ठेवा नाहीतर वळणावर ओढली जाईल.

सावर्डेकर
वळण नाहीच, चार फूट सरळ. पण सांध्यावर ओढली जाईल, ते खरं. बारीक दोन पिनचा कनेक्टर घालतो, म्हणजे जोडी सोडवताही येईल.

खारीवाडा
मीटर गेजची वाघीण १:४८मध्ये २१ मिलिमीटरच्या रुळावर उभी राहील. ती उभीच राहणार आहे म्हणून तयार रूळ शोधू नका. स्लीपर (रुळाखालच्या आडव्या पट्ट्या) कापून हाताने बसवा, मी रूळ देतो. माझ्याकडे उरलेले तुकडे आहेत.

बार्शीवाला (सध्या फोंडा)
कुर्डुवाडीला हेच चालायचं. हमालांच्या डोक्यावर गोणपाटाची खोळ विसरू नका.

रेझिनवाला, म्हापसा
हमाल मी प्रिंट करून देतो. १:४८मध्ये माणूस साडेतीन सेंटिमीटर. उभे किती, वाकलेले किती ते कळवा.

सावर्डेकर
दोन हमाल वाकलेले, एक बिडी ओढत बसलेला, एक ड्रायव्हर, सहा प्रवासी बसलेले आणि टोपली घेतलेली एक बाई उभी. खारीवाडा, येत्या रविवारी वास्कोला येतो. फळी आणतो, तुम्ही रूळ आणि मल्टिमीटर तयार ठेवा, वायरिंग एकदमच करून टाकू.

कुंकळ्ळीची सुमन
माती आणू नका वास्कोला, घरी चुंबक फिरवून झाल्यावर शेवटी घाला. आणि टोपलीत काय ते आधी ठरवा, मासळी असेल तर बाई सावर्ड्याकडून वर जाणारी हवी.